सेंटरिंग प्रेयर, सोकिंग, 'प्रभूने दाखवलं'... टीका नक्की कशावर आहे?

पिंपरीचा_पोरगा

जय ख्रिस्त. प्रश्न जरा लांब आहे, सांभाळून घ्या. आमची मंडळी जुनी मराठी प्रोटेस्टंट, पेटी-तबला, गीतपुस्तक, दोन तास उपासना आणि मग चहा. गेल्या पावसाळ्यापासून युथमध्ये दोन नवीन गोष्टी सुरू झाल्यात. एक दादा कुठल्यातरी रिट्रीटला जाऊन आला आणि आता 'सेंटरिंग प्रेयर' शिकवतो, म्हणजे डोळे मिटून वीस मिनिटं बसायचं, एक शब्द धरायचा (येशू, अब्बा, शांती, काहीही), विचार आला की हळूच त्या शब्दाकडे परत यायचं, मागायचं काही नाही, बोलायचंही नाही. दुसरं म्हणजे वर्शिप टीमने यूट्यूबवर बघून 'सोकिंग' चालू केलंय, लाईट मंद, कीबोर्डवर तेच तेच दोन कॉर्ड, पोरं चटईवर आडवी पडलेली, आणि शेवटी कोणीतरी उठतं आणि 'प्रभू मला तुझ्याबद्दल काहीतरी दाखवतोय' म्हणून सुरू होतं.

पाळकसाहेबांच्या कानावर गेलं आणि रविवारी पाऊण तास उपदेश झाला की हा सगळा मिस्टिसिझम (गूढवाद) आहे, मागच्या दाराने योगा आणि न्यू एज आत येतंय, दोन्ही बंद. दोन्ही पार्ट्या नाराज. मला स्वतःला वीस मिनिटं गप्प बसणं आवडलं होतं खरं तर, आणि चटईवाला प्रकार बघून अंगावर काटा आला होता, चांगला नव्हे, दुसरा.

तर प्रश्न असा की टीका करणारे लोक या दोन्हीला एकाच पिशवीत का टाकतात, आणि ती टीका नक्की कशावर आहे? 'बाळा बायबल वाच' असे रिप्लाय नकोत, वाचतो मी.

वचन_आधी

भावा, बायबल वाच म्हणत नाही, पण बायबलमधूनच सांगणार, इलाज नाही.

सेंटरिंग प्रेयर कुठून आली ते आधी बघ. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये स्पेन्सर गावाला ट्रॅपिस्ट संन्याशांचा सेंट जोसेफ्स मठ आहे. १९७० च्या दशकात तिथल्या विल्यम मेनिंगर, बेसिल पेनिंग्टन आणि मठाधिपती थॉमस कीटिंग या तिघांनी ही पद्धत बसवली. आधार घेतला चौदाव्या शतकातल्या एका निनावी इंग्रज लेखकाच्या 'द क्लाउड ऑफ अननोइंग' या पुस्तकाचा. तेव्हा तरुण पोरं चर्च सोडून महर्षी महेश योगींच्या टीएमकडे (ट्रान्सेंडेंटल मेडिटेशन, मंत्र धरून करायचं ध्यान) आणि झेनकडे (जपानी बौद्ध ध्यान) पळत होती, त्यांना 'हे आपल्याकडेही आहे' असं दाखवायचं होतं. त्याच मठात झेन गुरूंची शिबिरंही होत होती. हे त्या लोकांनी लपवलेलं नाही, त्यामुळे 'कारस्थान' म्हणणारे उगाच ओरडतात. मग रिचर्ड फॉस्टर नावाच्या क्वेकर लेखकाच्या १९७८ च्या पुस्तकानंतर ध्यान, मौन असले विषय इव्हँजेलिकल घरांत शिरले, आणि पुढे इमर्जिंग चर्चवाल्यांनी (उपासनेचे नवे प्रकार करून बघणाऱ्या मंडळ्यांनी) मेणबत्त्या, लॅबिरिंथ (प्रार्थना करत चालायची वळणावळणाची वाट) वगैरे सगळंच घेतलं.

आता माझा आक्षेप. शास्त्रात प्रार्थना म्हणजे कोणाशी तरी बोलणं आहे. रडणं आहे, भांडणं आहे, मागणं आहे, ईयोब तर कोर्टात उभं राहिल्यासारखा वाद घालतो. मनन आहे ते वचनाचं, स्तोत्र १ मध्ये रात्रंदिवस नियमशास्त्राचं मनन आहे, मन रिकामं करणं नाही. आणि हे लोक सतत जे वचन देतात ना, शांत राहा आणि मीच देव आहे हे जाणा, स्तोत्र ४६:१०, त्याच्या वरची ओवी वाच. देव धनुष्य मोडतोय, भाला तोडतोय, रथ जाळतोय. तिथे राष्ट्रांना 'पुरे करा तुमची लढाई' असं दटावणं चाललंय, श्वास मोजायला कोणी बसलेलं नाही.

आणि दोन्ही एकाच पिशवीत का, तर दोन्हीकडे वचनाला वळसा आहे म्हणून. एक म्हणतो शब्दांच्या पलीकडे जाऊन देव भेटतो, दुसरा म्हणतो देव मला वचनाबाहेर थेट सांगतो. ल्यूथर अशा लोकांना 'श्वेर्मर' म्हणायचा, म्हणजे नुसतेच घोंघावणारे.

वसईची_बोळ

ल्यूथरला आणलंतच तर पूर्ण आणा की राव. 'थिऑलॉजिया जर्मानिका' नावाचं गूढवादी पुस्तक आहे, मध्ययुगातलं, ते छापलं कोणी? मार्टिन ल्यूथरनेच, १५१६ ला अर्धं आणि १५१८ ला पूर्ण, आणि वर प्रस्तावनेत भरभरून कौतुक. म्हणजे त्याचा राग अंतर्मुख होण्यावर नव्हता, 'मला आत्म्याने सांगितलंय, तुम्ही गप्प बसा' म्हणणाऱ्यांवर होता.

मी कॅथलिक, त्यामुळे जपमाळ आमची रोजची, मत्तय सहाव्यातली 'व्यर्थ बडबड' आम्हाला लहानपणापासून ऐकवली जाते. तेव्हा एक सांगून ठेवतो, स्तोत्र १३६ च्या सव्वीसच्या सव्वीस ओव्या एकाच पालुपदावर संपतात. ती पण बडबड का?

पिंपरीच्या भावा, तुझ्या प्रश्नावर येतो. ही टीका प्रोटेस्टंट लोकांनी शोधून काढली असं वाटत असेल तर तसं नाहीये. १५ ऑक्टोबर १९८९ ला रोमने, म्हणजे कार्डिनल रात्झिंगर यांच्या खात्याने (तेच पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे), ख्रिस्ती ध्यानाच्या पद्धतींवर जगभरच्या बिशपांना एक मोठं पत्र पाठवलं. त्यात झेन, टीएम, योग यांची नावं घेतलेली आहेत. पण मजा अशी की 'पूर्वेकडचं आहे म्हणून फेका' असं ते पत्र म्हणत नाही, उलट नुसतं ख्रिस्ती नाही म्हणून आधीच नाकारू नका, उपयोगी असेल ते घेता येतं असं म्हणतं. मग अडतं कुठे? दोन ठिकाणी. शरीराच्या व्यायामाने, श्वासाने, बसण्याने आपोआप शांत वाटतं, कधी ऊब वाटते, कधी उजेड दिसतो, तर त्यालाच पवित्र आत्म्याचं सांत्वन समजलं की घोटाळा झाला. आणि दुसरं, ख्रिस्ताला मागे टाकून कुठल्यातरी निराकाराकडे जाणं म्हणजे वरची पायरी, असं मानणं. हा दुसरा मुद्दा अविलाच्या संत तेरेजाने सोळाव्या शतकातच धरून ठेवलेला आहे, की कितीही वर चढलात तरी येशूचं माणूसपण सोडू नका. स्वतः एवढी मोठी मिस्टिक बाई, आणि बजावते काय, तर हे.

तिचाच सोबती क्रुसाचा संत योहान. दृष्टान्त, आतला आवाज, सुगंध, गोडवा असलं काही आलं तर त्याच्यामागे लागू नका, देवाने जे सांगायचं ते पुत्रात सांगून टाकलंय, आता परत परत नवीन संदेश मागणं हा मूर्खपणा आहे, असं त्याने स्पष्ट लिहिलंय. म्हणजे तुमचं सोकिंग त्याच्या पुढ्यात नेलं असतं तर त्याने चटया गुंडाळायला लावल्या असत्या. गूढवादावरची सगळ्यात कडक टीका गूढवाद्यांनीच करून ठेवलीये.

आणि हे प्रकरण आपल्या दाराशीच आहे. फादर अँथनी डिमेलो, येशूसमाजी, १९३१ साली मुंबईत जन्मलेला माणूस. साधना नावाची संस्था, आधी पुण्यात आणि मग लोणावळ्याला. श्वासावर लक्ष, शरीरातल्या संवेदना, मौन, हे सगळं तो धर्मगुरूंना आणि सिस्टरांना शिकवायचा, जगभरातून लोक यायचे. १९८७ ला गेला. आणि ११ वर्षांनी, १९९८ ला, रोमने नोटिफिकेशन काढलं की सुरुवातीची पुस्तकं ठीक पण नंतर नंतर तो ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यापासून लांब लांब गेला. आमच्याकडे यावर अजून जेवणाच्या टेबलावर वाद होतात, काका म्हणतात मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही तेव्हा नोटीस काढली, दुसरे काका म्हणतात नुसत्या जागं होण्याने तारण होत असतं तर ख्रिस्त कशाला हवा होता. मला दोन्ही काका पटतात, पण नोटिशीत आक्षेप श्वासावर नाहीये, येशू हा बऱ्याच गुरूंपैकी एक गुरू होऊन बसला त्यावर आहे, आणि तो वाचून बघितला तर निराधार वाटत नाही.

केडगाव_पॅसेंजर

वर सगळं छान चाललंय पण चटईवाल्या भागाकडे कोणी नीट बघितलंच नाही, म्हणून मी.

आज यूट्यूबवर जे दिसतं, पडणं, हसणं, थरथरणं, याची मोठी लाट आली ती २० जानेवारी १९९४ पासून टोरांटो विमानतळाजवळच्या एका व्हिनयार्ड (ही एक करिस्मॅटिक, म्हणजे आत्म्याच्या दानांवर भर देणारी, चळवळ) चर्चमध्ये. पास्टर जॉन अर्नॉट, पाहुणा रँडी क्लार्क. लोक तासन्तास हसत सुटले, जमिनीवर लोळले, काही तर प्राण्यांसारखे आवाज काढायला लागले, आणि विमानं भरभरून जगभरचे पास्टर 'ते' घ्यायला गेले. सोकिंग हा त्याच चर्चमधून पसरलेला प्रकार. टीका करणारे बाहेरचे होतेच, हँक हॅनेग्राफ या अमेरिकन रेडिओवरच्या इव्हँजेलिकल लेखकाने १९९७ ला अख्खं पुस्तक लिहिलं. पण त्याच्या आधीच, १९९५ च्या डिसेंबरात, खुद्द व्हिनयार्डचे प्रमुख जॉन विंबर यांनी त्या चर्चला आपल्या चळवळीतून बाहेर केलं. विंबर म्हणजे चिन्हं-चमत्कार शिकवणारा माणूस, त्याला पवित्र आत्म्याची ॲलर्जी नव्हती. त्यालाही वाटलं की हे आता शास्त्राच्या हद्दीच्या बाहेर चाललंय. (हॅनेग्राफची गंमत अशी की तो २०१७ ला ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गेला, जिथे 'प्रभू येशू, माझ्यावर दया कर' हा जप श्वासासोबत करायची शेकडो वर्षांची परंपरा आहे. त्याचे जुने श्रोते जाम भडकले.)

पण म्हणून 'शरीराला काही झालं की सैतान' हेही मला मान्य नाही आणि त्याला कारण आपलं केडगाव. १९०५ ला मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या मुली प्रार्थनेत ढसाढसा रडत होत्या, अंगात आग पेटल्यासारखं सांगत होत्या, पापं कबूल करत होत्या, आणि पुढे अन्य भाषांत (न शिकलेल्या भाषांत, आत्म्याने) बोलणंही आलं. लॉस एंजेलिसचं अझुसा स्ट्रीट, जिथून पेंटेकॉस्टल चळवळ जगभर गेली असं सांगतात, ते १९०६ चं. म्हणजे पेंटेकॉस्टल इतिहासाच्या अगदी पहिल्या पानांवर दौंड तालुका आहे, आणि हे आपल्याच पोरांना माहीत नसतं. तिथल्या मिनी अब्राम्स बाईंनी लिहिलेली पुस्तिका चिलीत वालपारायसोला पोचली आणि तिथली १९०९ ची धर्मजागृती त्यातून पेटली. गोऱ्या मिशनऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी नाकं मुरडली तेव्हा, की हिंदुस्थानी बायका हिस्टेरिक असतात वगैरे, आणि रमाबाईंनी आपल्या मुलींची बाजू घेतली. पण त्यांनी अन्य भाषा म्हणजेच आत्म्याचा एकमेव पुरावा असं काही ठरवलं नाही. आणि त्या मुलींची रोजची कामं थांबली नाहीत, शेती, छापखाना, स्वयंपाक चालूच होता.

अमेरिकेत १७४० च्या दशकात असंच झालं होतं, तेव्हा जोनाथन एडवर्ड्स या तिथल्या पाळकाने १७४६ च्या पुस्तकात म्हटलं की अंग थरथरणं, ओरडणं, पडणं याने काहीच सिद्ध होत नाही, ना देवाचं आहे हे ना देवाचं नाही हे. नंतर माणूस बदलला का ते बघा. त्याच्या स्वतःच्या बायकोला असे अनुभव आले होते, तरी तो हे लिहितो, घरात राहून.

तर पाळकसाहेबांनी 'योगा' म्हणून दोन्हीवर एकच शिक्का मारला तो मला आळशीपणा वाटतो. मराठी ख्रिस्ती माणसाने तर 'इकडचं आहे म्हणून वाईट' हे बोलताना दहा वेळा विचार करावा. ना. वा. टिळकांनी अभंग लिहिले, आमचे आजोबा कीर्तन करायचे, तेव्हाही कोणीतरी हेच म्हणत असणार.

सोलापूरची_लेक

तुम्ही सगळे पुरुष इतिहासात रमलात, मी जे झालं ते सांगते. मंडळीचं नाव घेणार नाही, विचारू नका.

मी ज्या फेलोशिपमध्ये होते तिथे दर शुक्रवारी 'संदेश' असायचा. एका ब्रदरने सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की प्रभू दाखवतोय, ह्याच वर्षात लग्न, मुलगा सेवेत (म्हणजे चर्चच्या पूर्णवेळ कामात) असेल. आईने ते वहीत लिहून ठेवलं, तारखेसकट. त्याच वर्षी एक चांगलं स्थळ आलं होतं, मुलगा बँकेत, घर शांत, मला पसंतही होता. आईने नकार कळवला कारण तो 'सेवेत' नव्हता. वर्ष गेलं, सेवेतलं कोणी आलं नाही, आणि त्या ब्रदरला विचारलं तर उत्तर काय, तर सिस्टर तुमचा विश्वास कमी पडला. विषय संपला त्याच्यासाठी.

माझा आक्षेप ध्यानावर नाही, पडण्यावर नाही, कीबोर्डवर तर नाहीच. माझा आक्षेप असा की जो माणूस 'प्रभू म्हणतो' म्हणून वाक्य सुरू करतो त्याला जाब विचारायची सोय कुठे आहे? १ करिंथ १४:२९ मध्ये पौल स्वच्छ म्हणतो की दोघा-तिघांनी संदेश द्यावा आणि बाकीच्यांनी पारख करावी. मी एवढ्या शुक्रवारी बसले, पारख करताना कोणाला बघितलं नाही. हालेलुया मात्र सगळे म्हणतात.

आणि हे सोलापुरातच होतं असं नाही. २०२० ला अमेरिकेतल्या कितीतरी नावाजलेल्या 'प्रॉफेट' लोकांनी सांगितलं होतं की ट्रम्प लगेच दुसऱ्यांदा येणार, देवाने दाखवलंय. नाही आला. त्यातल्या जेरेमाया जॉन्सनने जानेवारी २०२१ ला जाहीर माफी मागितली, तर त्याच्याच लोकांनी त्याला शिव्या आणि धमक्या पाठवल्या, माफी का मागितली म्हणून! मग एप्रिलमध्ये मायकल ब्राऊन आणि बऱ्याच करिस्मॅटिक पुढाऱ्यांनी मिळून निवेदन काढलं की भविष्यवाणी जाहीर केली आणि खोटी ठरली तर जाहीरच जबाबदारी घ्यायची. आता कोणी म्हणेल २०२४ ला आलाच की निवडून. हो, आणि माझंही लग्न झालं नंतर, बँकेतल्याशी नाही आणि सेवेतल्याशीही नाही, तो ब्रदर त्याचंही क्रेडिट घेईल.

इगतपुरी_रिटर्न

मी ख्रिस्ती नाही, विपश्यनेला जाऊन आलोय म्हणून डोकावलो. एक कळेना, वीस मिनिटं गप्प बसल्याने कोणाचं नुकसान काय होणार? आमच्याकडे बुवाबाजीवर टीका होते ती पैसे उकळतात, उपचार थांबवतात म्हणून. त्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. नुसत्या मौनावर एवढा धुरळा?

वचन_आधी

@इगतपुरी, तुमच्या दृष्टीने बरोबर आहे, तुम्ही ते मनाच्या स्वच्छतेसाठी करता आणि तसंच म्हणता. आम्हाला त्याला 'प्रार्थना' म्हणायचंय, तिथे अडतं. प्रार्थनेत समोर कोणीतरी आहे. नुसतं आरोग्यासाठी बसायचं तर कोणी खुशाल बसा, माझा बीपी पण कमी होईल.

@सोलापूरची_लेक, ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं, आणि माझा मुद्दा हाच होता की वचनाबाहेरचा आवाज एकदा मान्य केला की त्याला लगाम राहत नाही.

@वसई, स्तोत्र १३६ मध्ये पालुपद एक आहे पण प्रत्येक ओवीत अर्धं वाक्य नवीन आहे. समुद्र दुभागला, फारो बुडाला, ओग राजा मेला. तिथे आठवण चाललीये, रिकामं होणं नाही. एवढं तरी द्या मला.

सोलापूरची_लेक

वचन_आधी दादा, लगाम वचनाने लागतो म्हणता, पण आमचा तो ब्रदर प्रत्येक संदेशाला वचन जोडायचा. यिर्मया २९:११ (तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, असं देव म्हणतो ते) तर मला पाठ झालं. वचन होतं, विचारणारं माणूस नव्हतं.

वसईची_बोळ

ओग राजाचं दिलं तुम्हाला 😄 ते खरं आहे.

पण कीटिंगचे लोकही मन रिकामं करा म्हणत नाहीत, देवाच्या उपस्थितीला होकार देत बसा म्हणतात, तो शब्द म्हणजे त्या होकाराची खूण. माझा त्यांच्यावरचा आक्षेप वेगळाय. रोज दोनदा वीस-वीस मिनिटं, चार नियम, असं केलं की आतला 'खोटा मी' गळून पडतो, जुन्या जखमा वर येऊन बऱ्या होतात, असं सगळं त्यात मानसशास्त्रासारखं बसवलंय. जुन्या संतांच्या हिशेबात खरी निःशब्द प्रार्थना देव देईल तेव्हा देतो, माणसाने टायमर लावून मिळत नाही. आपण फक्त दार उघडं ठेवायचं. पद्धत केली की पद्धतीवर भरवसा बसतो, आणि ज्याला काही वाटत नाही त्याला वाटतं आपणच कमी पडलो. ताईंना त्या ब्रदरने जे सांगितलं तेच, फक्त हळू आवाजात. बाकी दहा-वीस मिनिटं गप्प बसून वचन चघळणं, बाराव्या शतकातल्या दुसऱ्या गीगो नावाच्या संन्याशाने त्याच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्यात, वाचन, मनन, प्रार्थना, आणि मग मौन. त्यात वचनही आहे आणि गप्प बसणंही आहे, पाळकसाहेबांना हे पटायला हरकत नसावी.

पिंपरीचा_पोरगा

अपेक्षेपेक्षा फारच मिळालं, सगळ्यांचे आभार. मी असं करतोय, चटईवाल्यांना सोलापूरच्या ताईंचाच प्रश्न विचारणार, की तुम्ही जे 'दाखवलं' म्हणता ते लिहून ठेवायचं आणि सहा महिन्यांनी वडीलमंडळींसमोर वाचायचं, चालेल का? ज्याला चालेल त्याने बोलावं. आणि रिट्रीटवाल्या दादाला गीगोचं सांगतो, बघू ऐकतो का. पाळकसाहेबांना एडवर्ड्सचं पुस्तक द्यायचा विचार आहे पण ते इंग्रजी आहे आणि भाषा म्हणे फार जड आहे.

@केडगाव, मुक्ती मिशनला असंच बघायला जाता येतं का, युथची ट्रिप न्यायची म्हटलं तर?

केडगाव_पॅसेंजर

दौंड लाईनवर केडगाव स्टेशन आहे, पुण्याहून लोकल-पॅसेंजर थांबते, तिथून रिक्षा. पण आत संस्था चालू आहे, मुली राहतात, त्यामुळे वीस पोरं घेऊन थेट धडकू नका, आधी ऑफिसला कळवून परवानगी काढा. रमाबाईंनी स्वतः मूळ भाषांवरून मराठीत केलेलं बायबल तिथे छापलं गेलं, त्याबद्दल आवर्जून विचारा. आणि डबा घेऊन जा.

सोलापूरची_लेक

लिहून ठेवायची आयडिया भारी आहे. वही आईची देऊ का, अजून निम्मी कोरी आहे.